शिवराक शेवया आणि तव्यावरचा बांगडा

गोव्यात दोन ओळखीची माणसे बाजारात भेटली की हवापाण्याच्याही आधी एक प्रश्न येतो, "आज नुस्तें कितें?" बांगडे, तारले, शेवटे असे काहीही उत्तर चालते. पण "आज शिवराक" असे उत्तर आले की त्यामागून कारण यावे लागते. सोमवार आहे, एकादशी आहे, श्रावण लागला आहे, घरात सोयर आहे. काहीच कारण नसताना माणूस शिवराक जेवत असेल तर समोरचा जरा काळजीने पाहतो आणि विचारतो, "बरें ना काय?"

गेल्या वर्षी आमच्या घरात हीच वेळ आली. माझी आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. तिचे माहेर आणि सासर दोन्ही पेडणे तालुक्यातले, समुद्राच्या अंगाचे. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे डिचोलीला आली. समुद्रापासून इतक्या आत राहायला आल्याबद्दल तिची पहिली तक्रार पाण्याची नव्हती, माणसांची नव्हती, मासळीची होती. "हांगा नुस्तें येता तें दमून येता," असे ती म्हणायची. तरी खायची. मग एकदा तारल्याचा काटा घशात अडकला. भाताचे गोळे गिळून तो गेला, पण भीती राहिली. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याने धूसर दिसते. त्या दिवसानंतर तिने ताटातला मासा बाजूला सारायला सुरुवात केली. विचारले की "माका नाका रे आतां" एवढेच. महिनाभराने शेजारणीला सांगताना ऐकले, "हांव आतां शिवराक जाल्यां." त्यात थोडा अभिमानही होता, जणू काही व्रत घेतले आहे. पण व्रत घेतलेले माणूस शेजारच्या घरातून तळणीचा वास आला की असे गप्प होत नाही.

काट्याबद्दल मी त्यानंतर बराच विचार केला. आपण मासा भाताबरोबर हाताने खातो यामागे चवीइतकेच सुरक्षेचेही गणित आहे. भात आणि हुमण कालवताना बोटे घासाची तपासणी करत असतात. काटा जिभेला लागण्याआधी बोटांना लागतो. लहानपणी आम्हाला मासा खायला शिकवले म्हणजे प्रत्यक्षात बोटांना काटा ओळखायला शिकवले. म्हातारपणी नजर जाते, बोटांची जाण बोथट होते आणि आयुष्यभर बांगडा सोलून खाल्लेले माणूस त्या बांगड्यालाच भिऊ लागते. याला वैराग्य म्हणायचे का?

तेव्हा काटा काढलेला मासा हवा, हे ठरले. डिचोलीचा आठवड्याचा बाजार बुधवारी भरतो. तिथे मासे विकणाऱ्या बायका आदोळीवर बसून क्षणात तुकडे करून देतात, पण ते आडवे, मधला काटा ठेवून. मी एकीला म्हटले, बाई, बांगड्याच्या दोन बाजू उभ्या कापून द्या, काटा काढून टाका. तिने मला नखशिखांत न्याहाळले आणि म्हणाली, "कांटो काडलो जाल्यार बांगड्यांत उरतलें कितें?" आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. बांगडे मात्र ताजे होते. डोळे फुगीर, कल्ले लाल. २०१८ च्या जुलैत परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गोव्यात गदारोळ झाला आणि सरकारला काही काळ बाहेरची मासळी बंद करावी लागली, तेव्हापासून मी कल्ला उघडून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही.

कापायचे मला भाच्याने शिकवले. तो काही हंगाम मोरजीला एका शॅकमध्ये कामाला होता. पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात, गेल्या पंचवीसएक वर्षांत काय काय शिजू लागले याचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा. पाहुणे रशियातले, इस्रायलमधले. स्वयंपाकी पुष्कळदा नेपाळचे. वाढणारी पोरे आमच्या वाड्यांवरची. रापणीवर ओढलेला मासा शंभर पावलांवर लोणी आणि लसूण लावून तव्यावर पडायचा, आणि शेजारच्या कढईत नूडल्स परतल्या जायच्या. आमच्या पोरांनी ते पाहिले, खाल्ले, शिकले आणि पावसाळ्यात शॅक बंद झाल्यावर ते ज्ञान घेऊन घरी आले. घरच्या चुलीवर मात्र ते फारसे चढले नाही. घरात आवयच्या हातचे शीत आणि हुमणच.

भाच्याची पद्धत अशी. बांगडा कोरडा पुसून घ्यायचा, कल्ल्यामागे तिरका काप द्यायचा आणि सुरी मधल्या काट्याला टेकवून शेपटीपर्यंत सरळ न्यायची. घाई केली तर मांस काट्यालाच राहते. दोन्ही बाजू अशा सुटल्या की पोटाकडचे बारीक काटे कापून काढायचे आणि मग मधल्या रेषेवरून बोट डोक्याकडून शेपटीकडे फिरवायचे. तिथे काही काटे उभे असतात, ते चिमट्याने उपटायचे. मी भुवया उपटायचा चिमटा वापरतो. तो बायकोचा होता, आता स्वयंपाकघराचा झाला. आईसाठी म्हणून मी तीन वेळा बोट फिरवतो.

इथे शेवयांचा प्रवेश कसा झाला ते सांगतो. बायको परिचारिका आहे, तिच्या पाळ्या बदलत असतात. दुपारपाळी असली की रात्री साडेआठला घरी येते. मी सात-सव्वासातला पोचतो. मुलगी कॉलेजात, तिला रात्री भात नको. आईला चपाती चावत नाही. म्हणजे सव्वासात ते साडेआठ या वेळात चौघांना चालेल असे एकच काहीतरी व्हायला हवे. मुलीने एक दिवस दुकानातून तांदळाच्या नूडल्सचे पाकीट आणले. पांढऱ्या, सुतासारख्या. पाकिटावर परदेशी चित्रे. उघडून पाहिल्यावर मला हसू आले. या तर आपल्या शेवया! फक्त वाळवलेल्या.

तर आता प्रत्यक्ष जेवण. आधी डोकी आणि काटे. तकली टाकून देणे हे आमच्यात पाप आहे, आणि ते योग्यच आहे. कल्ले काढलेली डोकी, मधले काटे, चार-पाच ठेचलेली तेफळे, आल्याचा तुकडा आणि मीठ घालून दोन भांडी पाणी मंद उकळत ठेवायचे. पंधरा मिनिटे पुरे. जास्त ठेवले तर उग्रपणा येतो. तेफळातले बी काढूनच टाकावे, ते कडू असते. तेवढ्यात बांगड्याच्या फाकांना मीठ, हळद आणि तिखट लावून ठेवायचे. तिखट हरमलच्या मिरचीचे मिळाले तर काय विचारता. आमच्या पेडण्याच्या या मिरचीला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मानांकनाने तिची चव बदललेली नाही, भाव मात्र जरूर बदलला.

आगळ मी या वेळी लावत नाही. आपल्याकडे तळण्याआधी आगळ किंवा चिंचेचे पाणी चोळायची रीत आहे आणि वर रवा असेल तर ती उत्तम आहे, कारण रवा ते पाणी पिऊन घेतो. पण रवा न लावता मासा नुसता तापल्या तव्यावर टाकायचा तर त्याचे अंग कोरडे हवे. यात फार मोठे रहस्य नाही. माशाच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथली उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही, म्हणजे मासा वाफेवर शिजत राहतो. पाणी संपले, उष्णता एकशेचाळीसच्या पुढे गेली की तो खमंग तपकिरी रंग झपाट्याने धरू लागतो. लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. आमच्या आज्यांना ती त्याआधीपासून ठाऊक होती, त्या तिला "खरपूस" म्हणत. तेव्हा मीठ लावून दहा मिनिटे झाली की सुटलेले पाणी टिपून घ्यायचे. थोडे तिखट त्याबरोबर जाते, जाऊ द्यावे.

तवा बिडाचा. तो चांगला तापू द्यायचा, मग खोबरेल तेल, आणि तेल हलू लागले की फाका कातडीच्या बाजूने ठेवायच्या. कातडी उष्णतेने आकसते आणि फाक धनुष्यासारखी वाकते, म्हणून उलथन्याने दहा सेकंद हलकेच दाबून धरायची. ही शॅकमधली विद्या. त्यानंतर हात लावायचा नाही. मासा तव्याला चिकटला असे वाटले तर ओढू नये, कातडी कुरकुरीत झाली की तो आपणहून सुटतो. बांगड्याची फाक पातळ असते. तीन मिनिटे कातडीवर, उलटून एखादे मिनिट. बस्स. रवा लावलेल्या बांगड्याची मजा वेगळी आणि मी त्याच्याशी बेइमान होणार नाही, पण यात माशाचीच चव अधिक कळते.

शेवया एव्हाना गरम पाण्यात भिजून मऊ झालेल्या असतात. त्या चाळणीत ओतून वरून गार पाणी घालायचे, म्हणजे एकमेकींना बिलगत नाहीत. मासा काढलेल्या त्याच तव्यावर ठेचलेली लसूण, कढीपत्ता, उभी चिरलेली हिरवी मिरची. लसूण बदामी झाली की तकलीचे गाळलेले पाणी पळी-दोन पळी, मग नारळाचा घट्ट रस, मग शेवया. एक वाफ आली की खाली उतरवायचे, आणि आगळ आता घालायचे, आच बंद झाल्यावर. सोलकढी आपण उकळत नाही त्याचे कारण इथेही लागू आहे. आंबट आणि उकळी एकत्र आली की नारळाचा रस फुटतो. वर बांगड्याच्या फाका, कोथिंबीर. डोकी आणि काटे सुरू केल्यापासून घड्याळात पस्तीस मिनिटे होतात, आणि मासे सकाळीच कापून ठेवले असले तर त्याहून कमी. मुलगी आपल्या ताटलीत बाटलीतला सोया सॉस ओतते. मी तिकडे पाहत नाही.

पहिल्या वेळी मी हे आईपुढे ठेवले तेव्हा तिने ताट डोळ्यांजवळ नेले, बोटाने शेवयांची बट उचलली आणि विचारले, "शेवयांवांगडा नुस्तें? हें खंयचें रे?"

मी म्हटले, "आई, कांटो एकूय ना. खावन पळय."

"कांट्याचें न्हय रे. शेवयो त्यो शिवराकाच्यो."

हे उत्तर मला अपेक्षित नव्हते. शेवयांना चव असते, आकार असतो. त्यांना वार आणि तिथीही असते हे मी विसरलोच होतो. पेडण्याच्या आमच्या घरात शेवया पाडल्या जात त्या दिवसाचे चित्र मग डोळ्यांपुढे आले. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मुठीएवढे गोळे करून ते उकळत्या पाण्यात सोडायचे, तरंगू लागले की काढून गरमगरम लाकडी साच्यात भरायचे. दांडा दाबायला माणूस वेगळे, खाली ताटली फिरवत शेवयांची जाळी झेलायला माणूस वेगळे. थांबायला सवड नाही. तांदळात गव्हासारखा चिकट ताण नसतो. शिजलेला स्टार्चच सगळे धरून ठेवतो आणि गोळा गार झाला की घट्ट होतो, मग साच्यातून उतरत नाही. त्यामुळे काकी, आई, आजी सगळ्या कामाला, आणि दांडा दाबायला शेवटी एखाद्या पुरुषाला हाक. वर नारळाचा रस, गूळ, वेलची. तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गात गेले की याच शेवयांना शिरवाळे म्हणतात आणि तिथेही तो रस गोडच. यात नवल नाही. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांचे होते. राज्य बदलले तरी चुली काही लगेच बदलत नाहीत.

इतका घाट घातलेला पदार्थ रोजच्या माशाबरोबर कोण खाईल? शेवया पाडायच्या म्हणजे घर सारवलेले हवे, बायका आंघोळ केलेल्या हव्यात, नैवेद्य दाखवायचा असायचा. त्या दिवशी नुस्तें घरात येतच नसे. म्हणजे शेवया आणि मासा यांची गाठ कधी पडलीच नाही, आणि ती का पडली नाही याचे उत्तर जिभेकडे नाही, स्वयंपाकघरातल्या पंचांगाकडे आहे. कारण थोडे दक्षिणेला उतरा. मंगळुराकडच्या तुळू घरांत अशाच तांदळाच्या शेवयांना सेमिगे म्हणतात आणि त्या कोंबडीच्या रश्शाबरोबर खातात. कोडगूत नूलपुट्टूबरोबर मांसाचा रस्सा असतो. केरळात, श्रीलंकेत इडियप्पमबरोबर माशाचे कालवण अगदी नित्याचे. तोच तांदूळ, तोच नारळ, तोच समुद्र. आपणच तेवढे मध्ये भिंत घालून बसलो.

भिंत वाईट होती असे मला म्हणायचे नाही. त्या भिंतीमुळेच शेवयांचा दिवस हा वेगळा दिवस असायचा. पण त्या दिवसाचे ओझे कोणी उचलले, हेही पाहायला हवे. चार बायकांचे घर आता कुठे आहे? पेडण्यात मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि आमच्या नात्यातल्या दोन मुली तिथे पाळ्यांवर जातात. डिचोलीत २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. त्यांची बायको कामाला बाहेर पडली आणि हे गृहस्थ, ज्यांनी जन्मात चुलीकडे पाहिले नव्हते, सहा महिन्यांत उत्तम बांगडे तळू लागले. सुरुवातीला दार लावून तळत. आता अंगणात उभे राहून मला विचारतात, तुमच्याकडे आगळ आहे का?

आई त्या रात्री जेवली. मात्र तिच्या पद्धतीने. बांगड्याची फाक उचलून तिने वेगळ्या ताटलीत घेतली, बोटाने दोनदा चाचपली, तुकडा तोंडात घालून बराच वेळ घोळवला. मग दुसरा घेतला. मग मला म्हणाली, "मीठ बरें पडलां." आमच्या आईच्या तोंडून स्वयंपाकाची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. दोन फाका संपवल्या, उठून हात धुतले, चूळ भरली, परत येऊन बसली आणि म्हणाली, शेवया कोऱ्या उरल्या असतील तर दे, गूळ आहे का? नारळाचा थोडा रस शिल्लक होता. तिने त्यात गूळ चुरून शेवया खाल्ल्या. मुलीने हे सारे पाहिले आणि आजीला विचारले, "आजी, पोटांत वचून सगळें एकठांयच जातलें ना गो?" आजी म्हणाली, "पोटांत वता तें पोट पळयतलें. ताटांत हांव पळयतां."

तेव्हापासून आमच्याकडे हा बेत आठवड्यातून एकदा तरी होतो. ट्रॉलरबंदीच्या जून-जुलैत बांगडा नसतो तेव्हा शेवटे मिळाले तर त्यांच्या फाका. त्यांची कातडी जाड, खवले नीट काढावे लागतात आणि तव्यावर एखादे मिनिट जास्त लागते. आईच्या ताटात मासा वेगळा आणि शेवया वेगळ्या, मध्ये हात धुणे. सोमवारी त्याच पाकिटातल्या शेवया गुळाच्या रसात, तेव्हा तिची काहीच हरकत नसते. शेजारणीला मात्र ती अजून स्वतः शिवराक असल्याचे सांगते की काय, मी विचारलेले नाही.

तक्रार एकच राहिली आहे. पाकिटातल्या शेवया म्हणजे तिच्या मते "सूत", त्यांना तांदळाचा वास नाही. ते खरे आहे. वाळवताना काहीतरी जातेच. "साचो हाड," असे तिने दोन-तीनदा सांगितल्यावर मागच्या रविवारी मी पेडण्याच्या घरी जाऊन माळ्यावरून तो उतरवून आणला. पायाला थोडी वाळवी लागली होती, तेवढी तासून टाकली. खालच्या पितळेच्या चकतीची भोके बुजली होती. आईने व्हरांड्यात बसून चिंच आणि मिठाने ती घासली आणि एकेका भोकात केरसुणीची काडी घालून मोकळी केली. त्याला डोळे लागत नाहीत, बोटे पुरतात. दळायला उकडे तांदूळ चालत नाहीत, सुरयच हवेत, हेही मला ऐकवले. पीठ आले आहे, नारळ आहेत. शेवया अजून पाडलेल्या नाहीत. दांडा दाबायला मी आहे, पण ताटली फिरवायला सराईत हात हवा, आणि बायकोची या आठवड्यात रात्रपाळी आहे.